शिष्यवृत्ती मार्चमध्ये, खानावळ जुलैपासून

सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्यघटनेच्या १४२व्या कलमाने दिलेला असाधारण अधिकार वापरून धनबादच्या आयआयटीला एक आदेश दिला. मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाला विद्युत अभियांत्रिकीच्या वर्गात प्रवेश द्यावा, आणि जागा शिल्लक नसल्यास ती नव्याने निर्माण करावी, असा तो आदेश होता. या मुलाने देशातील अत्यंत कठीण मानली जाणारी प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण केली होती. जागाही त्याला मिळालेली होती. ती स्वीकारण्यासाठी २४ जूनच्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरावयाचे होते. कुटुंबाने इकडून तिकडून ते जमविले. परंतु भरणा पुरा होण्यापूर्वी घड्याळात पाच वाजले आणि संकेतस्थळाचे दार बंद झाले. पुढले तीन महिने हा मुलगा एकेका कार्यालयाचे आणि न्यायालयाचे उंबरे झिजवीत दिल्लीपर्यंत पोहोचला. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, याच न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन मुंबईच्या आयआयटीत एका दलित विद्यार्थ्याला जागा मिळवून दिली होती. तेथेही प्रश्न वेळेत न भरल्या गेलेल्या प्रवेशशुल्काचाच होता.

वृत्तपत्रांनी न्यायालयाचे कौतुक केले, ते योग्यच होते. मात्र या कौतुकात एक गोष्ट फारशी कोणी बोलून दाखविली नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना आयआयटीचे शिक्षणशुल्क संपूर्ण माफ आहे. २०१६ साली हे शुल्क वर्षाला नव्वद हजारांवरून दोन लाखांवर नेण्यात आले, तेव्हा ही माफी कायम ठेवली गेली. शिवाय एक लाखाहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पूर्ण आणि पाच लाखांपर्यंतच्या कुटुंबांना दोन-तृतीयांश सवलत जाहीर झाली. म्हणजे सरकारच्या वहीत या मुलाचे शिक्षण विनामूल्यच होते. दरसाल दोन लाखांची माफी ज्याला मिळावयाची, तो मुलगा साडेसतरा हजारांपायी दाराबाहेर उभा होता. आपल्या शिष्यवृत्ती-व्यवस्थेचे सारे दुखणे या एका हिशेबात सापडते. ती शुल्काचा विचार करते. विद्यार्थी काय खातो, कोठे राहतो आणि पैसे त्याला कोणत्या तारखेला लागतात याचा विचार तिने क्वचितच केला आहे.

शिक्षणाचा खर्च म्हणजे शुल्क, असे समजण्याची सवय सुस्थितीतील माणसाला असते, कारण त्याच्या घरचा मुलगा शिकत नसला तरी जेवतोच. गरीब घरात हिशेब निराळा असतो. तेथे अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी शिकावयास गेली म्हणजे एक खाणारे तोंड शहरात जाते आणि दोन राबणारे हात घरातून कमी होतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला संधित्याग-खर्च असे भारदस्त नाव आहे. शेतमजुराच्या घरात त्याला बुडालेला रोज म्हणतात. कला किंवा वाणिज्य शाखेतला विद्यार्थी सकाळच्या महाविद्यालयात शिकून दिवसा कोठेतरी काम करू शकतो, आणि महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी असेच पदव्या मिळविल्या आहेत. विज्ञानाच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ही वाट जवळजवळ बंद आहे. सकाळी व्याख्याने, दुपारी प्रात्यक्षिके, संध्याकाळी जर्नल आणि सबमिशन. प्रयोगशाळेतली हजेरी चुकवून चालत नाही, आणि प्रयोग घरी करता येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या फेरीत सर्वसाधारण शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यामागे वर्षाचा सरासरी खर्च सुमारे ८,३०० रुपये, तर तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणात तो सुमारे ५०,००० रुपये आढळला. ज्या शिक्षणाला सहापट पैसा लागतो, त्याच शिक्षणात पैसा कमावण्याची सवड नसते.

ही गोष्ट आज नव्याने कळलेली नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर मजूर खात्याचे सभासद असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले होते. त्यातील शिक्षणविषयक मागणी आजही नीट वाचली जात नाही. कला आणि कायदा या शाखांतील शिक्षणाने या समाजाचा फारसा उत्कर्ष होणार नाही, त्याला उच्च प्रतीचे विज्ञान व तंत्रशास्त्र यांचे शिक्षण हवे. पण ते त्याच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळेच मुले स्वस्त शाखांकडे वळतात, आणि सरकारी साहाय्याशिवाय हे क्षेत्र त्यांना कधीच खुले होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून विज्ञान व तंत्रशास्त्र शिकणाऱ्यांसाठी त्यांनी प्रतिवर्षी दोन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली सुरू झाली, ती या प्रयत्नांतून. योजना आज ऐंशी वर्षे ओलांडून उभी आहे. तिचा मूळ हेतू मात्र तिच्या दरपत्रकात शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही.

हे दरपत्रक कार्यकर्त्यांनी एकदा डोळ्यांखालून घालावेच. २०१० साली ठरलेल्या दरांनुसार, वसतिगृहात राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला दरमहा १,२०० रुपये निर्वाहभत्ता होता. २०२१ मध्ये नवे दर आले ते वर्षाला १३,५०० रुपये. दहा महिन्यांचे वर्ष धरल्यास महिन्याला १,३५०. बी. एस्सी.सारख्या सर्वसाधारण पदवीच्या विद्यार्थ्याला २०१० साली ५७० रुपये मिळत. नव्या दरांत त्याला वर्षाचे ६,००० म्हणजे महिन्याला ६०० रुपये ठरले. एका तपाच्या आसपास काळ गेला आणि महिन्यामागे वाढ झाली तीस रुपयांची! औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक याच अवधीत जवळजवळ दुप्पट झाला होता. तेव्हा ही वाढ नसून भत्त्यातील निम्म्याच्या आसपासची कपात होती, आणि ती वाढ म्हणून जाहीर झाली. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो, आणि तो जावाच; कर्मचाऱ्यांनी तो संघटनेच्या बळावर मिळविला आहे. शिष्यवृत्तीधारकाची संघटना नसते आणि तीन-चार वर्षांत तो पदवी घेऊन वा न घेता निघून जातो. त्यामुळे त्याच्या महागाईची दखल घेण्याची निकड कोणत्याही अर्थमंत्र्याला वाटलेली नाही. उत्पन्नमर्यादेचेही तेच. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ती २०१३ मध्ये अडीच लाख ठरली, आणि पुढे दशकभर तशीच राहिली. २०२५च्या अंदाजपत्रकाने बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही अशी तजवीज केली. बारा लाख मिळविणारा कर देण्याइतका सधन नाही, पण अडीच लाखांच्या वर शंभर रुपये मिळविणारा दलित बाप मुलाच्या निर्वाहभत्त्याला पात्र ठरण्याइतका गरीब नाही, असे हे शास्त्र आहे.

बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याचा विचार तर कोणीच करीत नाही. अभियांत्रिकीला निदान प्रतिष्ठा आहे. तिच्या प्रवेशफेऱ्यांच्या बातम्या होतात. तालुक्याच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र घेऊन बसलेली मुलगी, जिच्याकडून पुढे शाळेला शिक्षिका आणि देशाला संशोधक मिळावयाची, तिच्या वाट्याला हे सहाशे रुपये. आणि त्याच शाखेत दुसरी एक शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये सुरू केलेली ‘इन्स्पायर’ योजना मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांना वर्षाला ऐंशी हजार रुपयांचे साहाय्य देऊ करते. परीक्षा मंडळातील पहिल्या एक टक्क्यात येणे ही तिची मुख्य अट. गुणवत्तेचा असा गौरव होण्यास हरकत नाही. पण उत्पन्नाची अट नसल्यामुळे प्राध्यापकाच्या घरातील मुलालाही ऐंशी हजार आणि उसतोडणी कामगाराच्या मुलीला सहा हजार, हे प्रमाण समाजवादाची भाषा न जाणणाऱ्यालाही खटकावे.

त्यातही मंजूर होणे आणि मिळणे यांत अंतर असते. तेलंगणातील एका दुचाकी दुरुस्त करणाऱ्या कारागिराची मुलगी दिल्लीच्या नामांकित महाविद्यालयात गणित शिकत होती. तिला हीच इन्स्पायर शिष्यवृत्ती मंजूर झालेली होती. टाळेबंदीत वर्ग संगणकावर गेले, तिच्याजवळ लॅपटॉप नव्हता, शिष्यवृत्तीचे पैसे आलेले नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने आपले जीवन संपविले. एखाद्या आत्महत्येचे एकच एक कारण सांगणे अविवेकाचे होईल, आणि तसे येथे सांगावयाचेही नाही. पण ज्या पैशाच्या भरवशावर ती घरापासून इतक्या दूर आली तो पैसा मंजूर असूनही तिच्या हाती नव्हता, ही वस्तुस्थिती उरतेच.

वेळेचा हा प्रश्न गौण समजला जातो. अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की, जुलैतला रुपया आणि मार्चमधला रुपया एक नव्हेत. गरिबाच्या बाबतीत हा फरक बँकेच्या व्याजदराइतका नसून सावकाराच्या दराइतका असतो. खोलीची अनामत जुलैत द्यावी लागते. खानावळवाला महिना भरण्यापूर्वी पैसे मागतो, आणि ते त्याच्याही पोटाचे असल्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पुस्तके, जर्नले, ॲप्रन, परीक्षेचा अर्ज हे सारे पहिल्या सत्रातले खर्च आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र प्रवेश झाल्यावर करावयाचा. मग महाविद्यालयाची तपासणी, मग समाजकल्याण कार्यालयाची, मग निधीची उपलब्धता, आणि मग आर्थिक वर्ष संपण्याच्या सुमारास खात्यात जमा होणारी रक्कम. तोपर्यंत आईचे डोरले गहाण पडलेले असते किंवा मुलगा गावी परतलेला असतो. जो परतला त्याची नोंद ‘गैरहजर’ अशी होते. पैशावाचून गेला असा रकाना कोणत्याही पटावर नाही.

महाराष्ट्राने ‘महाडीबीटी’ हे एकत्रित संकेतस्थळ उभारले त्यामागे गैरव्यवहार रोखण्याचा हेतू होता, आणि तो गैर नव्हता. बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती लाटणाऱ्या संस्था या राज्याने पाहिल्या आहेत. परंतु चोरी संस्थाचालकांनी करावी आणि कागदपत्रांची उलटतपासणी विद्यार्थ्याची व्हावी, असा उलटा न्याय त्यातून निपजला. केंद्राने २०२०-२१ पासून अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत आपला साठ टक्के वाटा निश्चित केला आणि पाच वर्षांसाठी पस्तीस हजार कोटींहून अधिक रकमेची तरतूद जाहीर केली. त्याआधीच्या तीन वर्षांत केंद्राचे साहाय्य वर्षाला सुमारे अकराशे कोटींपर्यंत घसरले होते, हे ध्यानात घेता या निर्णयाचे स्वागत करणे भाग आहे. मात्र केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात आणि राज्याचा वाटा निराळ्या वेळी, अशा पद्धतीमुळे संस्था शुल्कासाठी विद्यार्थ्यालाच गाठू लागल्या. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून परीक्षेचा अर्ज अडविणे, गुणपत्रिका अडकवून ठेवणे हे प्रकार गावोगावच्या कार्यकर्त्यांना परिचित आहेत. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केलेली आहे, ही माहिती किती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली आहे?

येथे एका अडचणीच्या प्रश्नाला हात घालणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाली. सरकारने नवी महाविद्यालये काढावयाची नाहीत, पुढाऱ्यांनी काढावीत, आणि शुल्क विद्यार्थ्यांनी भरावे, अशी ती वाटणी होती. देणगीशुल्काविरुद्ध १९८७ मध्ये कायदा करावा लागला, यावरून तिचे फळ काय निघाले ते दिसते. आता गरीब विद्यार्थ्याचे शुल्क सरकार भरते. राजर्षी शाहू महाराज शिक्षणशुल्क योजनेत आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना निम्मे शुल्क मिळते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. मुलींसाठीचा हा निर्णय चांगला आहे आणि तो परत फिरविण्याचा कोणी प्रयत्न केल्यास त्याला विरोधच करावा लागेल. तरीही हिशेब मांडावयाचा तर असा मांडावा लागतो: माफी मुलीला मिळते, पैसा संस्थेला जातो, आणि मुलीच्या भाकरीचा प्रश्न जेथल्या तेथे राहतो. सरकारी तिजोरीतून खाजगी संस्थांकडे प्रतिपूर्ती म्हणून जाणाऱ्या रकमेतून किती शासकीय महाविद्यालये आणि किती वसतिगृहे उभी राहिली असती, हा प्रश्न विधिमंडळात नेटाने विचारला गेला पाहिजे.

कर्जाचा पर्याय सुचविणारे आज पुष्कळ आहेत. केंद्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना तारण वा जामीन न मागता कर्ज देऊ करते, आणि आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत देते. ज्या विद्यार्थ्यापुढे सावकार किंवा शिक्षण सोडणे एवढेच दोन मार्ग आहेत त्याने असे कर्ज घ्यावे. पण ही योजना निवडक श्रेष्ठ संस्थांपुरती आहे. व्याजसवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती. जिल्ह्याच्या गावी शिकणारा तिच्या कक्षेत सहसा येत नाही. शिवाय कर्ज घेणे म्हणजे मिळणाऱ्या नोकरीवर पैज लावणे होय. ज्याच्या घरी पहिला पदवीधर अद्याप व्हावयाचा आहे, त्याने ही पैज हरल्यास सावरणारे कोणी नसते. मध्यमवर्गीय मुलाला कर्ज ही सोय असते, मजुराच्या मुलीला ते धाडस असते, आणि कर्जाच्या धाकाने ती संशोधनाची वाट सोडून मिळेल ती पहिली नोकरी पत्करते. मूलभूत विज्ञानाकडे हुशार मुले येत नाहीत म्हणून परिसंवाद भरविणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

कोणी म्हणेल, पूर्वीची मुले वार लावून जेवली, माधुकरी मागून शिकली आणि मोठी झाली. आताच्यांना सारे आयते हवे. या म्हणण्यात एक सोयीस्कर विस्मृती आहे. वाराचे ताट ठरावीक जातीच्या मुलापुढेच वाढले जात होते. ज्याला त्या स्वयंपाकघराची पायरी चढता येत नव्हती त्याच्यासाठी राजर्षी शाहू महाराजांना १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे काढण्यास साहाय्य करावे लागले, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांना १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू करावे लागले. या दोघांनाही शिक्षणाचा पहिला प्रश्न शाळेचा नसून जेवणाचा आहे हे कळले होते. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापिली ती खेड्यातून आलेल्या मुलाच्या राहण्याजेवणाच्या सोयीसाठीच. अशा संस्थांचे काम मोलाचे आहे; राज्याचे कर्तव्य मात्र त्यांच्या खांद्यावर टाकता येणार नाही.

राज्य सरकारला हे अगदीच उमगलेले नाही असेही नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वाधार’ योजनेने मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये देण्याचे ठरविले. त्यातील ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे असा तपशील आहे. अभियांत्रिकी व वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना त्यावर ५,००० अधिक. कागदावर प्रथमच कोणीतरी जेवणाची आणि खोलीची किंमत लिहिली, हे या योजनेचे श्रेय आहे. केंद्राचे सहाशे आणि स्वाधारचे भोजनापोटीचे बत्तीस हजार शेजारी ठेवले म्हणजे पहिला आकडा किती खोटा आहे ते कळते. पण स्वाधारचीही रक्कम निधीच्या उपलब्धतेवर हेलकावे खाते आणि विद्यार्थी ती उसनवारी फेडण्यासाठी वापरतात.

तेव्हा आता मागणी कोणती करावयाची? निर्वाहाची रक्कम निर्देशांकाशी बांधली जावी, आणि विज्ञानाच्या सर्वसाधारण पदवीलाही अभियांत्रिकीच्या बरोबरीने ती मिळावी, हे तर झालेच. परंतु आजच्या घडीला अधिक तातडीची मागणी साधी आहे. प्रवेश निश्चित झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पहिल्या सत्राचा निर्वाहभत्ता विद्यार्थ्याच्या हाती पडावा. कागदपत्रांची छाननी त्यानंतर सावकाश चालो. एखाद्या अपात्राला एका सत्राचे पैसे गेले तर राज्य बुडत नाही, पात्र विद्यार्थी मात्र एका सत्राच्या उशिराने बुडतो. शुल्काचा व्यवहार सरकार आणि संस्था यांनी आपसांत करावा, त्यासाठी विद्यार्थ्याला वेठीस धरणाऱ्या संस्थेची संलग्नता तपासली जावी. आणि जागा स्वीकारण्याचे शुल्क गरीब विद्यार्थ्याकडून मुळात घेतलेच जाऊ नये.

पक्षाच्या तालुका शाखांनी हे काम निवेदनावर सोडू नये. बारावीचा निकाल लागल्यापासून प्रवेशफेऱ्या संपेपर्यंतच्या आठवड्यांत तहसील कचेरीच्या आवारात एक टेबल मांडून उत्पन्नाचे, जातीचे, अधिवासाचे दाखले मिळवून देणे, जातपडताळणीचे अर्ज पुढे सरकविणे, अर्ज संगणकावर भरून देणे, एवढे दोन-तीन कार्यकर्त्यांना सहज जमते. त्याच टेबलावर एक वहीही असावी. कोणत्या महाविद्यालयातील कोणत्या विद्यार्थ्याला मागील वर्षाची रक्कम कोणत्या तारखेला मिळाली, किती मिळाली, आणि तोवर त्याने पैसे कोठून आणले, याची नोंद त्या वहीत व्हावी. अशा वीस-पंचवीस तालुक्यांच्या वह्या एकत्र आल्या तर मंत्र्यांना ‘माहिती मागविली आहे’ या उत्तरामागे दडता येणार नाही. मात्र त्या वह्या पावसाळी अधिवेशनापूर्वी तयार हव्यात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हा प्रश्न लागेपर्यंत पहिल्या सत्राच्या परीक्षा होऊन गेलेल्या असतात.